माझ्या मुठीचं माप

“बाबा, मला हॉस्टेलला कधी पाठवणार?” हे विचारून दाखव, अशी पैज मैत्रिणींनी लावली होती, आणि मी ती भर शेतात जिंकले! आमची जमीन म्हणजे निव्वळ वाळू. युरिया, पोटॅश एकदम टाकलं की पाण्याबरोबर खाली पसार. म्हणून दर आठवड्याला रोपारोपाला थोडं थोडं मीच घालते. प्रश्न ऐकून बाबांनी हात पुसले. मग लाजत त्यांनी पिशवीतून खत मोजून घालायचं पत्र्याचं नवंकोरं माप काढलं. “तुझ्या मुठीएवढी दांडी लावून घेतलीय, राणी. शेणखत मुरून या वाळूची माती होईपर्यंत टिकेल.” “म्हणजे किती वर्षं?” “दहाएक.” शेजारी खुरपणारी आई कौतुकानं म्हणाली, “धरून तरी बघ!” धरलं. दांडी मुठीत इतकी चपखल बसली की आता दहा वर्षं ती सुटणारच नाही असं वाटलं. मी माप बाबांच्या हातात ठेवलं. “सुट्टीत शेणखताच्या पाट्या वाहीन. पण आईबाबा, शाळा उघडली की मी हॉस्टेलला जाणार.”