फाईलीवरचा श्री

"चौथा दिवस आहे. तुम्ही लिहिलेल्या मॅक्रोपायी निकाल अडलाय," मुख्य लिपिक घैसास साहेब अख्ख्या परीक्षा विभागाला ऐकू जाईल असं म्हणाले.

हेमांगीचं डोकं सणकलं. निकाल आपोआप तयार करणारा तो छोटा प्रोग्राम, म्हणजे मॅक्रो, तिच्या कॉम्प्युटरवर सुरळीत चालायचा, पण साहेबांकडे गेला की गुणांची फाईल सापडत नाही म्हणून अडून बसायचा. चार दिवस तिने ओळ न् ओळ तपासली होती. आज ती तरातरा त्यांच्या टेबलाशी गेली आणि त्यांच्या पडद्यावरचं फाईलीचं नाव तिने वाचलं. 'श्री गुणपत्रक'.

"नाव कोणी बदललं?"

"मी. कुठलीही फाईल हातात आली की आधी श्री घालतो. शुभ कामाला नको का?"

"मॅक्रो नावावरूनच फाईल शोधतो, साहेब. नाव बदललं तर त्याला ती सापडणार कशी?"

"ते मला काय माहीत? मी प्राचार्यांना पत्र लिहूनही ठेवलंय."

पत्र समोरच होतं. वर ठसठशीत श्री, आणि खाली लिहिलं होतं की हेमांगी तांबवेकर यांना काम जमत नाही, त्यांचं कंत्राट वाढवू नये.

तिने साहेबांचंच पेन उचलून त्या पत्रावर आपटलं.

"यातलं एक काहीतरी खोडा. श्री तरी, नाहीतर खालचा मजकूर."