झुलती शेगडी

शेगडी ओट्यावर बसवलेली नव्हती. दोन बाजूंच्या पितळी खुंट्यांवर लटकवली होती. हौसाने बोटाने ढकलली, तशी ती पाळण्यासारखी झुलली.

"ही अशी कशाला, सायेब?"

"कळेल," म्हणत कप्तान विश्वजीत शिडीवरून वर गेला.

ओवे गावात सोळा वर्षं खानावळ चालवणारी हौसा आज पहिल्यांदाच बोटीवर रांधणार होती. दोन डोलकाठ्यांची ही जुनी सागवानी शिडाची नौका पाहुण्यांना घेऊन आठ-आठ दिवस समुद्रात फिरायची. आधीचा आचारी नोकरी सोडून गेला होता, म्हणून आजची ही परीक्षा. खाडीच्या तोंडापासून बाहेर जायचं, दुपारचं जेवण घालायचं, संध्याकाळी परत. निघताना दीर म्हणाला होता, "वैनी, पान्यावर तुजंच कालवान होईल."

मासा शिजेस्तोवर तिने सगळं उघडून पाहिलं. खणांना खिट्ट्या होत्या. ताटं खाचांत उभी होती. पाहुण्यांच्या खोलीत पांढऱ्याशुभ्र चादरी, मऊ गाद्या आणि फळीवरच्या पुस्तकांनाही पुढून आडवी पट्टी. इथे प्रत्येक वस्तू कशाने तरी धरून ठेवली होती. सुटी होती ती फक्त शेगडी.

जिताड्याच्या कालवणाला उकळी आली आणि वर कप्तानाने इंजिन बंद केलं. वर शीड फडफडलं, मग एकदम गप्प झालं. हौसाच्या पायाखालची जमीन कलली. तिने पाहिलं, तर भरलं पातेलं अंगावर येत होतं. तिने फडकं घेऊन दोन्ही हातांनी शेगडी घट्ट धरली.

कालवण सांडलं. लाल ओघळ तिच्या पायापर्यंत आला.

"धरू नका," वरून विश्वजीत ओरडला. "सोडा."

"सोडलं तर सगलं खाली येल."

"सोडून तर बघा."

तिने जीव मुठीत धरून हात काढले. शेगडी एकदा मागे-पुढे झाली आणि थांबली. कालवण पातेल्यात सपाट उभं राहिलं. भिंत तिरकी होती, जमीन तिरकी होती, हौसा स्वतः तिरकी होती. सरळ होतं ते पातेलं. तिने पुन्हा शेगडी धरली, कालवण काठाकडे धावलं. सोडली, जागेवर आलं. तिसऱ्यांदा धरताना तिला स्वतःचंच हसू आलं.

वर चारुदत्त आणि शोभा वाट पाहत बसले होते. नवीन पनवेलचं हे जोडपं नुकतंच निवृत्त झालं होतं. सफर ठरवण्याआधी बोट कशी आहे ते बघायला आलं होतं. शोभाताईंनी भात संपवून विचारलं, "अजून आहे का थोडं?"

हौसाने विश्वजीतकडे पाहिलं. "नाय. अर्धं सांडलं. बोटीनं नाय, मी धरलं म्हून सांडलं."

शोभाताईंनी वाटी बोटाने निपटून घेतली. वारा भरून आला होता. डाव्या हाताला किनाऱ्यावरच्या इमारती लहान होत चालल्या होत्या. हौसाला तिथे आपलं गाव शोधावंसं वाटलं नाही. ती पुढे बघत होती.

जेवणं झाल्यावर विश्वजीत तिच्याशेजारी येऊन उभा राहिला.

"शनिवारी पहाटे निघायचं," तो म्हणाला. "मालवणपर्यंत जाऊन परत. नऊ दिवस. घरी विचारून सांगा."

"मालवनच्या फुडं काय लागतं?"

"गोवा."

हौसाने कपाळावरचे केस मागे सारले.

"आनि त्याच्या फुडं?"