तेलाची धार

लेक यायची वेळ झाली, तरी मेयोनीज काही जमेना.

आईबाप वेगळे झाल्यापासून ती आठवड्यातून एकदाच बापाकडे यायची. मागच्या खेपेला त्यानं सॅलडवर बाटलीतलं मेयोनीज घातलं, तर तिनं ताट तसंच बाजूला सारलं. त्याच्या मनाला ते लागलं. तिकडे पोरगी आईच्या हातचं ताजं खाते, आणि आपण हे विकतचं पुढे करतो!

म्हणून आज तो सकाळपासून ओट्याशी झटत होता. एका हातानं बलक फेटावा, दुसऱ्यानं तेल सोडावं, तर भांडंच गरगर फिरायचं. घाईत धार मोठी पडली की सगळं फाटायचं. तेल आणि अंडं एकमेकांचं तोंड बघायला तयार नसायची. मधेच तो खिडकीतून रस्ता बघून यायचा. शेवटी भांड्याखाली ओलं फडकं घातलं, नवा बलक घेतला, तेव्हा कुठे ते घट्ट झालं. तेवढ्यात बेल वाजली.

लेकीनं आल्या आल्या बोट बुडवून चाटलं. त्याचा जीव टांगणीला.

"बाबा, हे तू केलंस? घरी?"

"हो गं. आईसारखं नसेल जमलं..."

"आई कुठे करते आता! तिकडेही बाटली, इकडेही बाटली. कंटाळा आला मला." तिनं पुन्हा बोट बुडवलं. "आई म्हणते, हे एकटीचं काम नाही. तेलाची धार धरावी तर तुझ्या बाबानंच."