निळी ताडपत्री

पावसाळ्यात पाण्याखाली जाणारं ते खाजण उन्हाळ्यात मिठाने पांढरंशुभ्र व्हायचं. उपग्रहाच्या ताज्या चित्रात त्या पांढऱ्यावर एक निळा ठिपका होता. नकाशे बनवणाऱ्या ऑफिसात तिच्या खुर्चीमागे उभ्या साहेबांनी विचारलं, “तिथं माणसं राहतात की काय?” ती निळी ताडपत्री तिने केव्हाच ओळखली होती, तिथल्या मिठागरातल्या आईबाबांच्या झोपडीवर घालायला तिनेच ती आईला घेऊन दिली होती. पण ऑफिसात तिने वडील मास्तर असल्याची थाप मारली होती. “छे, वाऱ्याने उडून आलेला कचरा असेल,” ती म्हणाली. “मग पुसून टाक.” तिने नकाशावरून तो ठिपका पुसला. दुपारी आईचा फोन आला. “अगं, तू आभाळातून बघतेस ना, म्हणून गेल्या आठवड्यातच ताडपत्री झोपडीवरून काढून मिठावर पसरलीय. बाबा कुरकुरतात, लेकीपायी डोक्यावरचं छप्पर गेलं म्हणून. दिसली का?” “दिसली.” “मग साहेबांना दाखवलंस ना, आपलं घर?”