काळ्या चौकटीचं कार्ड

पॅरिसमधल्या एका कॅफेत आनातोल वेर्दिए तीस वर्षं तरुण मंडळींना अस्तित्ववाद समजावून सांगत आले. घर त्यांची बायको ऑनोरीन हिच्या शिवणकामावर चालायचं. आता डॉक्टरांनी फार तर आठवडा सांगितला होता. ओळखीच्यांना टपालाने पाठवायच्या आपल्या निधनाच्या कार्डाचा मजकूर डोळ्यांखालून घालायचा त्यांचा हट्ट होता, म्हणून ती कागद घेऊन उशाशी बसली.

“‘तत्त्वज्ञ’ लिही,” ते म्हणाले.

“पुस्तक कुठंय?”

“डोक्यात पूर्ण तयार आहे गं.”

“माणूस म्हणजे त्याने जे केलं तेवढंच. बाकी सगळ्या सबबी. तुमचंच वाक्य ना?”

ते हसले. “पोरांपेक्षा तूच बरी शिकलीस. मग ‘पती’ लिही.”

“तीस वर्षांत एकदा तरी पाव विकत आणलात?”

आता ते हसले नाहीत. “निदान ‘वडील’ तरी.”

“लेकाला पुरलं तेव्हा तुम्ही कॅफेत होतात.”

“मी मनाने तिथेच होतो, ऑनोरीन.”

“मनातलं धरायचं नाही. हेही तुम्हीच शिकवलंत.”

पाचव्या दिवशी ते गेले. कार्डं टपालात पडली. काळ्या चौकटीत नाव, जन्मतारीख आणि मृत्यूची तारीख, एवढंच होतं.

चार दिवस जगलेल्या बाळासाठी तिने छापून घेतलं होतं, अगदी तसंच.