न फुटलेला नारळ

मोडीत निघालेल्या सर्कशीच्या मालकाची जुनी घरगाडी यशवंततात्यांनी विकत घेतली, हौसेनं रंगवली आणि अंगणात उभी केली. ती उभीच राहिली. कारण तिच्या पुढच्या दोन काचा. तशा वळणदार काचा आता कुठं मिळत नाहीत, आणि ओढणाऱ्या जीपच्या चाकानं उडवलेला एक खडा पुरे. म्हणून तात्यांनी काचांवर गोधडी बांधली, गोधडीवर जाळी ठोकली, जाळीवर पत्र्याची झडप बसवली.

"मला त्या काचेतनं समुद्र बघायचा होता," मालनकाकी म्हणाल्या.

"पोचल्यावर काढू की सगळं," म्हणत तात्यांनी निघणं पुन्हा पुढं ढकललं. घाटात नवीन खडी टाकल्याचं त्यांच्या कानावर आलं होतं.

शेवटी दसऱ्याला निघायचं ठरलं. कुंकू पत्र्याला लावून भागत नाही, असं काकींचं म्हणणं पडलं, तेव्हा पूजेपुरतं ते सगळं उतरवलं. नारळ काकींनीच हातात घेतला. गाडीपुढच्या दगडावर त्यांनी तो आपटला. तो फुटला नाही. चेंडूसारखा उसळला आणि डावी काच खळ्ळकन खाली आली.

तात्यांनी जीपची किल्ली खिशात टाकली.

"आता तसली काच मिळेपर्यंत जाणं नाही."

काकींनी नारळ उचलला, पदरानं पुसला आणि उजव्या काचेकडं नीट बघितलं.

"अहो, हा अजून फुटायचाय."

तात्या निमूटपणे जीपमध्ये जाऊन बसले.