हरकोरबांच्या हातचं ताक

"म्हणजे मीच मारलं त्यांना?" हरकोरबांनी विचारलं.

म्युनिसिपालिटीचे डॉक्टर मंचेरजी ओट्याखाली चुळबुळत उभे होते. अहमदाबादच्या लिंबडा शेरीत, त्या एका गल्लीत, विषमज्वराने माणसं जात होती. त्यांनी घरोघरच्या टाक्यांचं पाणी तपासलं, गवळ्यांच्या चरव्या तपासल्या. काही सापडेना. मग आजाऱ्यांच्या घरी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकू आली: ताक हरकोरबांकडचं. ब्राह्मणाची विधवा, तिच्या हातचं सगळ्या शेरीला चालायचं. हरकोरबांना स्वतःला कधी कणकण आली नव्हती. पण मुंबईहून तपासणीचा निकाल आला होता. रोगाचे जंतू त्यांच्या पोटात सुखाने नांदत होते.

"तुम्हाला कुठं ठाऊक होतं, बा? पण आता कुणाला काही करून घालू नका."

"तरला माझ्याच मांडीवर बसून ताक प्यायची," हरकोरबा म्हणाल्या, आणि आत निघून गेल्या. शेजारची ती चिमुरडी पंधरवड्यापूर्वीच तापाने गेली होती.

दुसऱ्या दिवशी त्यांची रवी फिरली नाही. बायका लोटे घेऊन आल्या. "बा, रुसलात का आमच्यावर?" हरकोरबांनी खरं ते सांगितलं. कुणी हसलं, कुणी रडलं. पटलं कुणालाच नाही. डॉक्टर दारोदार समजावत फिरले. लोक मान डोलवायचे आणि दार लावून घ्यायचे. शेरीचे शेठ त्रिकमलाल तर भडकलेच. त्यांची सून तापाने फणफणली होती.

"त्या पारशाचं काय ऐकता, बा! तुमच्या हातात गंगा आहे. सुनेला ताक तुमच्याच हातचं हवं." त्यांनी दह्याचं भांडं उंबऱ्यावर ठेवलं. "करवत नसेल, तर नुसता हात लावा."

हरकोरबांनी दार लावलं. बाहेर शेठाणी धरणं धरून बसली.

डॉक्टरांच्या जिवाला स्वस्थता नव्हती. सकाळी ते पुन्हा आले, तेव्हा झाडून दमलेली रूडी भंगीण शेरीच्या दरवाज्याबाहेर मडकं घेऊन बसली होती. हरकोरबा ओटा उतरल्या, आणि सगळ्यांदेखत तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"रूडी, पाणी दे."

"बा, थट्टा करता गरिबाची? झोडपतील मला!"

"मी मागतेय. दे."

रूडी मडकं घेऊन उठली. काहीतरी पुटपुटत हरकोरबांनी ओंजळ पुढे केली, आणि वरून पडणारं पाणी घटाघटा प्यायल्या.

"बाटली! म्हातारी बाटली!" कुणीतरी किंचाळलं. रूडीवर काठी उगारली गेली, तशा हरकोरबा मधे आल्या. "हात लावून बघा तिला. मग मी तुम्हाला शिवेन."

काठी खाली आली. धडाधड दारं लागली. शेठाणीने दही उचलून गटारात ओतलं.

त्यानंतर हरकोरबांच्या हातची मिठाची चिमूटही कुणी घेतली नाही. ताप हळूहळू शेरीतून गेला. म्हातारीचा सोवळेपणा बाटतानाही सुटला नाही, असं लोक हसत सांगायचे. पाणी प्यायली, पण भंगिणीच्या मडक्याला शिवली नाही.

डॉक्टरांनी रूडीला एकदा विचारलंच.

"मी मडकंच देत होते त्यांना," रूडी म्हणाली. "त्याच मागे सरल्या. म्हणाल्या, 'वरून ओत गं. त्याला माझा हात नको लागायला. तुझी पोरं यातूनच पितात.'"